मण्यार की कवड्या? घरात निघालेल्या सापाकडून शिकलेली संशोधनपद्धती



मागच्या लेखावर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, ‘निरीक्षण’ आणि ‘निष्कर्ष’ यांत नेमका फरक काय? पुस्तकातली व्याख्या तुम्हाला पाठ असेलच. मी माझ्या एका चुकीवरून सांगते. ही चूक महागात पडता पडता राहिली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, रात्रीचे अकरा वाजलेले. गावाहून चुलतभावाचा फोटो आला, “ताई, मोरीत साप निघालाय. कुठला आहे?” बॅटरीच्या उजेडात काढलेला फोटो. कोपऱ्यात वेटोळं, गडद अंग, त्यावर पांढरे पट्टे. मी दोन सेकंद बघितलं आणि लिहिलं, “कवड्या आहे. बिनविषारी. पिशवीत घालून बाहेर सोड.”

दहा मिनिटांनी दुसरा फोटो आला. साप सरकला होता, शेपूट दिसत होती. शेपटीकडचे पट्टे बारीक, ठळक आणि जोडीजोडीने होते. मानेकडचा भाग जवळजवळ कोरा. माझ्या हातापायातलं बळच गेलं. तो मण्यार होता.

मी फोन लावला. भाऊ पिशवी घेऊन उभाच होता. काकूने त्याला अडवून ठेवलं होतं. “ताई काही म्हणू दे, सर्पमित्र येईपर्यंत मोरीत पाऊल टाकायचं नाही.” काकू सातवी शिकलेली, मी जीवशास्त्रात पीएचडी करणारी. त्या रात्री पद्धत तिची बरोबर होती.

मी नेमकं काय चुकले?

फोटोत मला दिसलं होतं एवढंच : गडद अंग आणि मधल्या भागावर आडवे पांढरे पट्टे. हे निरीक्षण. ‘कवड्या’ हा निष्कर्ष. या दोन्हींच्या मधली पायरी मी गाळली. हेच निरीक्षण आणखी कोणत्या सापाला लागू पडतं, हे मी स्वतःला विचारलंच नाही.

शिवाय मनात आधीपासून कल होता. घरात, भिंतींवर पाली, म्हणजे पाली खायला येणारा कवड्या असणार. हा तर्क वाईट नाही, कवड्या खरोखरच पालींच्या मागे घरात शिरतो. पण मण्यारही उंदीर, सरडे आणि चक्क दुसरे साप खातो, आणि तोही रात्रीच बाहेर पडतो. म्हणजे ज्या पुराव्यावर मी विसंबले, तो दोघांच्याही बाजूने बोलत होता. दोन शक्यतांमध्ये फरक न करणारा पुरावा कितीही गोळा केला तरी फुकट. थीसिस लिहिताना हे वाक्य भिंतीवर चिकटवून ठेवा.

फरक करणाऱ्या खुणा

मग कोणत्या खुणा उपयोगी?

*पट्ट्यांची दिशा.* कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात, पुढच्या भागात ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचं साधारण उलट. पुढचा भाग बऱ्याचदा कोरा किंवा नुसते ठिपके, आणि शेपटीकडे पट्टे ठळक. मण्यारचे पट्टे बारीक आणि पुष्कळदा जोडीने असतात. कवड्याचे अंगाच्या बाजूला फाटल्यासारखे रुंद होतात.

*डोकं.* कवड्याचं डोकं चपटं आणि मानेपेक्षा उठून दिसणारं. मण्यारचं डोकं मानेपासून फारसं वेगळं जाणवत नाही.

*पाठीच्या कण्यावरचे खवले.* मण्यारच्या पाठीवर मधोमध षटकोनी खवल्यांची एक ओळ असते आणि हे खवले बाजूच्यांपेक्षा स्पष्टपणे मोठे असतात. कवड्याला अशी ओळ नसते.

*शेपटीखालचे खवले.* मण्यारचे एकसंध, कवड्याचे मधोमध दुभागलेले.

आता ही यादी परत वाचा आणि विचारा, यातली कुठली खूण *कधी* वापरता येते? शेपटीखालचे खवले ही भक्कम खूण आहे, पण ती जिवंत सापावर बघायला जाणं म्हणजे मूर्खपणा. मेलेला साप हाताळणंही धोक्याचं, कारण मेल्यानंतरही काही काळ तोंडाची चावण्याची प्रतिक्रिया टिकते. ही खूण संग्रहालयातल्या नमुन्यासाठी. कण्यावरच्या खवल्यांची ओळ मात्र चांगल्या फोटोत लांबूनही दिसू शकते, आणि टाकलेल्या कातेवरही सापडते.

लांबीचा उल्लेख मी मुद्दाम केला नाही. मोठा मण्यार कवड्यापेक्षा बराच लांब असतो हे खरं, पण मण्यारचं पिल्लू आणि वाढलेला कवड्या एकाच मापाचे असू शकतात. रंगाचंही तसंच. काही मण्यारांचे पट्टे इतके पुसट असतात की नाहीतच वाटावं. म्हणून एका खुणेवर निर्णय नको. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या दोन-तीन खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात का, ते बघायचं.

चुकांची किंमत सारखी नसते

समजा, घरात निघालेल्या अशा दहा पट्टेरी सापांपैकी नऊ कवड्ये असतात. (आकडा निव्वळ उदाहरणासाठी.) मग डोळे मिटून ‘कवड्या’ म्हटलं तरी तुम्ही नव्वद टक्के बरोबर! परीक्षेत हे गुण उत्तम आहेत. मोरीत नाहीत.

कवड्याला मण्यार समजलात तर काय होईल? सर्पमित्राची एक खेप वाया. मण्यारला कवड्या समजलात तर? मण्यारच्या विषाने मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला संदेश तुटतो, श्वास घेणारे स्नायू थांबू शकतात. दंश बऱ्याचदा दुखत नाही, सूज नाही, खूण दिसेलच असं नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावलेलं कळत नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यामागे अशा कितीतरी रात्री आहेत.

म्हणून नियम साधा : खात्री नसेल तर विषारी धरून वागा. तुमच्या संशोधनातही विचारा, माझं गृहीतक चुकलं तर कोणत्या बाजूला चुकणं जास्त महाग आहे? ‘पुरेसा पुरावा’ किती, हे त्यावर ठरतं.

याचं सुंदर उदाहरण म्हणजे आपल्याकडची प्रतिविषाची लस. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याही विषावर चालते. म्हणजे दंश झाल्यावर साप ओळखत बसायची गरज नाही. डॉक्टर लक्षणं बघून उपचार ठरवतात. पुरावा म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा आणि रुग्णाला न हलवता न्या. ओळख अनिश्चित राहणार हे मान्य करूनच ही व्यवस्था बांधली आहे. चांगला प्रयोगही असाच बांधतात.

घरी साप निघाला तर

लांब उभे राहा, नजर ठेवा, मुलं आणि कुत्रं-मांजर बाजूला घ्या, सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. सुरक्षित अंतरावरून जमलं तर फोटो काढा : एक पूर्ण अंगाचा, एक डोक्याकडचा, एक शेपटीकडचा. वेळ आणि जागा लिहून ठेवा. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. मण्यारपासून वाचायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय.

आणि कोणी फोटो पाठवून विचारलं, तर माझ्यासारखं दोन सेकंदांत उत्तर देऊ नका. “एवढ्या फोटोवरून सांगता येत नाही, जवळ जाऊ नका,” हेही पूर्ण उत्तर आहे. संशोधनात येऊ पाहणाऱ्याला हे वाक्य न लाजता म्हणता आलं पाहिजे. मला ते काकूने शिकवलं.

तुमच्यासाठी गृहपाठ : तुमच्या विषयातला एक निष्कर्ष घ्या. कागदाच्या डावीकडे फक्त दिसलेलं लिहा, उजवीकडे त्यावरून मानलेलं. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा, हेच आणखी कशामुळे दिसू शकलं असतं? डावी बाजू किती छोटी आहे ते बघून दचकाल. मीही दचकले होते.