डिझेल कारचे ग्लो प्लग : स्वतः बदलावेत की मेकॅनिककडे द्यावेत?

डिसेंबरची सुट्टी. मुंबईहून निघालेली डिझेल गाडी मनालीत रात्रभर उघड्यावर उभी राहते आणि सकाळी सेल्फ फिरत राहतो, पण इंजिन काही सुरू होत नाही. मागच्या सीटवर मुलं कुडकुडत बसलेली. मग कोणीतरी सांगतं, ‘हीटर गेला असेल.’ हा हीटर म्हणजेच ग्लो प्लग. मुंबईच्या उबदार हवेत एखादा प्लग निकामी झाला तरी कळत नाही, थंडीत मात्र लगेच कळतं.

ग्लो प्लगचं काम काय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा इतकी तापते की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. इंजिन गार असेल तर ही उष्णता त्याचा धातूच शोषून घेतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक तापणारा प्लग असतो. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर दिसणारी वेटोळ्याची पिवळी खूण त्याचीच. ती विझल्यावरच गाडी स्टार्ट करा.

तपासणी घरीच करा

गार इंजिन उशिरा सुरू होणं, सुरुवातीला पांढरा धूर येणं आणि थरथर होणं ही बिघडलेल्या प्लगची लक्षणं. खात्रीसाठी मल्टिमीटर पुरेसा आहे. चावी बंद ठेवून प्लगची वायर काढा. मीटरचं एक टोक प्लगला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. साध्या धातूच्या प्लगचं रीडिंग एक ओहमच्या आसपास असतं. सर्किट तुटलेलं दिसलं तर प्लग गेला. सगळे चांगले निघाले तर बॅटरी, फ्यूज किंवा रिले तपासा. प्लग थेट बॅटरीला जोडून पाहू नका. नव्या गाड्यांचे अनेक प्लग कमी व्होल्टेजचे असतात, ते क्षणात जळतात.

खरी जोखीम काढताना

वर्षानुवर्षं काजळी साचून प्लग आट्यात घट्ट बसतो. जोर लावला की तुटतो. त्याचं टोक आत अडकलं तर इंजिनाचं हेड उतरवावं लागू शकतं. मग वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च येतो.

प्लग सहज हाताला येत असतील, टॉर्क पाना असेल, तरच स्वतः करून पाहा. आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारा, भोवतीची धूळ साफ करा आणि इंजिन थोडं गरम असताना पाना लावा. १० मिलिमीटर आट्याचा प्लग साधारण ३५ न्यूटन मीटरपर्यंत सुटला नाही तर तिथेच थांबा. नवे प्लग तुमच्या मॉडेलचेच घ्या आणि कंपनीने सांगितलं आहे तितकेच आवळा.

मेकॅनिककडे जाताना

गाडी खूप चाललेली असेल किंवा प्लग इंजिनाच्या मागच्या बाजूला दडलेले असतील, तर सरळ मेकॅनिककडे द्या. तुटलेला प्लग काढण्याची अवजारं त्याच्याकडे आहेत का आणि तुटलाच तर खर्च कोणाचा, हे आधीच विचारा. जुने प्लग परत मागून घ्या. तपासणी तुम्ही केलेली असेल, तर नको ते काम कोणी माथी मारणार नाही. आणि हे सगळं सहलीला निघण्याआधी उरका, मनालीला पोहोचल्यावर नव्हे.