तबकडीवरची गमकं

चालत्या तबकडीचा वेग दुप्पट केला की तिच्यातला सूर बरोबर एक सप्तक वर चढतो, आणि वेग निम्मा केला की एक सप्तक खाली उतरतो. आता फिरवण्याचं काम यंत्राकडून काढून हाताकडे द्या. हात थांबलेला असतो. तो निघतो, वेग घेतो, मंदावतो, क्षणभर थबकतो आणि उलटा फिरतो. अर्ध्या सेकंदाच्या आत सूर तळातून उसळून वर येतो आणि घसरत पुन्हा तळाला जातो. ज्याला स्क्रॅच म्हणतात तो आवाज एवढाच आहे. हाताचा वेग कानांना ऐकू येतो! पियानोची पट्टी दाबणाऱ्या बोटाला हे सुख नाही. एकदा पट्टी दाबली की पुढे सुराचं काय होतं, त्यावर बोटाची सत्ता फारशी चालत नाही.

चेन्नईच्या मैलापुरात हे सांगितलं तर कुणी परकं म्हणून झटकणार नाही, अशी माझी खात्री आहे. कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या माड वीथी, रसिक रंजनी सभा, मैलापूर फाइन आर्ट्स क्लब, आणि डिसेंबरात मार्गळी महिन्याचा हंगाम सुरू झाला की सकाळपासून रात्रीपर्यंत चालणाऱ्या कर्नाटक संगीताच्या मैफली: या सगळ्या परिसराचा जीव दोन स्वरांच्या मधल्या वाटेत गुंतलेला आहे. वीणेवर एकाच पडद्यावर तार आडवी ओढून पुढचे दोन-तीन स्वर काढतात. मृदंगमच्या डाव्या बाजूवर मनगट सरकवून 'गुमकी' काढतात. आपल्या तबल्याच्या डग्ग्यावरची घसीट ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती लगेच ओळखू येईल. खंजिरा तर लहानसा, पण डाव्या हाताची बोटं कातड्यावर दाब देतात आणि तो घुमत खाली उतरतो. सुराला अशी दिलेली ओढ, म्हणजे गमक, हा इथे अलंकार नाही. रागाची ओळखच पुष्कळदा त्यात असते.

म्हणून इथल्या एखाद्या मुलानं किंवा मुलीनं 'मला स्क्रॅच शिकायचंय, कोणता डीजे कंट्रोलर घेऊ?' असं विचारलं, तर त्यामागचा खरा प्रश्न, दोन स्वरांमधली वाट या वाद्यात सापडते का, या शहरात नवा नाही. बाहेरून आलेल्या प्रत्येक वाद्याला हा प्रश्न इथे दोनशे वर्षं विचारला गेला आहे. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी दीक्षितर (1786–1858) मद्रासजवळच्या मणलीत राहत असताना एका युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकले. पुढे कर्नाटक संगीतानं वाद्य तेच ठेवलं, पण ते धरण्याची रीत बदलली. वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतो आणि दुसरं टोक छातीशी लावतो. असं का? वाद्य पेलण्याच्या कामातून डावा हात मोकळा व्हावा आणि तारेवर वरपासून खालपर्यंत अडथळ्याविना घसरावा म्हणून. वाद्याला नमस्कार करण्याआधी त्याची अशी पारख करणारी परंपरा मला फार मोठी वाटते. त्याच काळात तंजावरला आपले सरफोजीराजे (कारकीर्द 1798 ते 1832) पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभा करत होते. ज्या मराठी दरबारात कीर्तन रुजलं, त्याच दरबारात क्लॅरिनेटही वाजलं.

जवळच्या काळातलं उदाहरण मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांचं. मूळ मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात आणि त्यांचा नाद पटकन विरतो. श्रीनिवासांनी इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं आणि जोड्या काढून पाच एकेरी तारा लावल्या. एकेरी तार ओढता येते, आणि विजेमुळे सूर ओढ संपेपर्यंत टिकतो. उलट बाजूला हार्मोनियम. दोन पट्ट्यांच्या मधे जाता येत नाही, या मुख्य आक्षेपावर ऑल इंडिया रेडिओनं 1940 मध्ये तिला बंदी घातली आणि ती अनेक वर्षं टिकली. गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकलेल्या महाराष्ट्राला ते किती लागलं असेल! बंदी मला अन्यायाची वाटते, पण तिच्यामागची कसोटी नेमकी होती: हाताची बारीकात बारीक हालचाल सुरापर्यंत पोचते का?

कंट्रोलर याच कसोटीवर लावून पाहायचा.

आधी ज्या यंत्राची तो नक्कल करतो ते समजून घेऊ. 1970 च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये थिओडोर लिव्हिंगस्टन हा शाळकरी मुलगा घरी रेकॉर्ड वाजवत होता. पुढे तो ग्रँड विझर्ड थिओडोर म्हणून ओळखला गेला. त्यानंच सांगितलेली हकिकत अशी की, आवाज मोठा झाल्यामुळे आई रागवायला दारात आली तेव्हा त्यानं तबकडी हातानं धरून ठेवली, आणि धरलेला हात नकळत मागे-पुढे हलत राहिला. कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये जे उमटलं त्यावर तो पुढे कित्येक महिने मेहनत करत राहिला.

हे शक्य झालं ते जपानमधल्या एका निर्णयामुळे. तोपर्यंत पुष्कळ टर्नटेबलांत मोटर रबरी पट्ट्यानं थाळी फिरवायची. हात लावला की पट्टा ताणला जातो, घसरतो, आणि सोडल्यावर थाळीला वेग पकडायला वेळ लागतो. मात्सुशिता कंपनीनं टेक्निक्स या नावाखाली मोटर थेट थाळीच्या आसाला जोडली. त्यातून 1972 मध्ये एसएल-1200 आला, आणि 1979 मध्ये त्याची सुधारलेली एमके 2 आवृत्ती. थाळी आणि तबकडी यांच्यामध्ये गुळगुळीत कापडाची चकती ठेवली की तबकडी हातात थांबते आणि खाली थाळी फिरतच राहते. सोडताक्षणी सूर पूर्ववत. 1972 चा एसएल-1200 अभियंत्यांनी घरच्या श्रोत्यासाठी केला होता. ब्राँक्सच्या मुलांनी त्यातून वाद्य काढलं.

कंट्रोलरमध्ये तबकडी नसते. थाळीसारखं चाक असतं, त्याच्या पृष्ठाला बोटाचा स्पर्श कळतो, आणि हालचालीचे आकडे संगणकातल्या गाण्याला मागे-पुढे ओढतात. इथे चाकाचा आकार पाहावा, आणि तो का पाहावा हे हिशेबानं कळतं. मिनिटाला 33⅓ फेरे म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. बारा इंची तबकडीचा परीघ सुमारे 94 सेंटिमीटर. कडेशी बोट 5 सेंटिमीटर सरकलं तर सुमारे एक दशांश सेकंदाचा आवाज सरकतो. चाक 15 सेंटिमीटर व्यासाचं असेल, तर तेवढ्याच सरकण्यात दुप्पट आवाज जातो. म्हणजे तोच हात, तोच वेग, पण सूर एक सप्तक वर! लहान चाकावर शिकलेला हात मोठ्या तबकडीवर गेला की मंद्रात बोलू लागतो. सवय बदलता येते, पण सुरुवातीला हाताला जितकी जास्त जागा, तितकं गमक बारीक. अगदी छोट्या चाकाचे कंट्रोलर गाणी जोडायला उत्तम आहेत. स्क्रॅच शिकायला मी ते सुचवणार नाही.

डीडीजे-रेव्ह 1 या कंट्रोलरची रचना स्क्रॅच करणाऱ्यांसाठीच केलेली आहे. चाकं त्याच्या किमतीच्या मानानं मोठी आहेत आणि वेगाच्या पट्ट्या वरच्या बाजूला आडव्या बसवल्या आहेत, त्यामुळे मनगट त्यांच्यावर आपटत नाही. रेन वन किंवा डीडीजे-रेव्ह 7 मध्ये चाक मोटरनं स्वतः फिरतं. धरलं की बोटाला ओढ जाणवते, आणि सोडलं की चाक पुढे निघून जातं. न फिरणाऱ्या चाकावर सोडण्याचा क्षण फक्त ऐकू येतो. फिरत्या चाकावर तो हाताला कळतो. पैसे असतील तर ही ओढ विकत घेण्यासारखी आहे. नसतील तर अडत नाही.

विलंबाची गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. संगणक आवाजाचे नमुने गठ्ठ्यानं पाठवतो, सेकंदाला 44,100. गठ्ठा 512 नमुन्यांचा असेल तर एकट्या त्यातच साडेअकरा मिलिसेकंद जातात. 128 चा केला तर तीनपेक्षा कमी. मिनिटाला 80 मात्रांच्या लयीत मृदंगमवादक एका मात्रेत आठ अक्षरं वाजवतो तेव्हा दोन अक्षरांत 94 मिलिसेकंदांचं अंतर असतं. त्यातला आठवा हिस्सा यंत्रानं खाल्ला, तर मैलापूरचा कान तो पकडणारच. गठ्ठा लहान करावा, फक्त आवाज तुटायला लागेल इतका नको.

आणि फेडर. नवशिक्याचं सगळं लक्ष चाकावर असतं, पण बोल कापतो तो दुसरा हात. दोन चॅनेलांच्या मधली ती आडवी पट्टी किंचित सरकली की आवाज पूर्ण उघडला पाहिजे. तिची तीव्रता बदलण्याची सोय आहे का, ती हलकी सरकते का, आणि झिजल्यावर बदलून मिळते का, हे दुकानात उभं राहून तपासावं. कार्बनच्या पट्टीवर घासणारे फेडर कालांतरानं खरखरतात. चुंबकीय फेडरमध्ये घासणंच नसतं, म्हणून ते जास्त टिकतात.

शिकायचं कसं, याचं उत्तर मैलापुरात आयतं आहे. इथे हात वाद्याला लागण्याआधी तोंड बोल म्हणतं: तिस्र म्हणजे तकिट, चतुस्र म्हणजे तकदिमि, खंड म्हणजे तकतकिट, मिश्र म्हणजे तकिटतकदिमि. आता स्क्रॅचमधला 'फ्लेअर' घ्या. यात फेडर उघडा ठेवून हात पुढे नेतात आणि वाटेत तो क्षणभर मिटवतात. एकदा मिटवला तर आवाजाचे दोन तुकडे, दोनदा मिटवला तर तीन, तीनदा मिटवला तर चार. हात उलटा फिरताना वेग शून्य होतो, त्यामुळे तिथला तुकडा आपोआप पडतो. जाताना दोनदा, येतानाही दोनदा मिटवलं की तकिट तकिट. जाताना एकदा आणि येताना दोनदा मिटवलं की दोन अधिक तीन, तकतकिट. जाताना दोनदा, येताना तीनदा मिटवलं की तीन अधिक चार, आणि एका ये-जामध्ये मिश्र पुरं होतं. आधी हातावर टाळी देत हे तोंडानं पक्कं करावं, मग एकच लांब 'आ' असलेला आवाज चाकावर घेऊन अगदी विलंबित लयीत सुरुवात करावी.