किल्ली नसलेलं विमान

१० ऑगस्ट २०१८, शुक्रवार. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा सिॲटल-टकोमा विमानतळ. होरायझन एअरचं क्यू४०० जातीचं दोन पंख्यांचं विमान दुपारी दीडच्या सुमारास कॅनडातल्या व्हिक्टोरियाहून आलं आणि मालवाहू भागात उभं राहिलं. त्या दिवशी त्याला पुन्हा उडायचं नव्हतं. संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास कंपनीच्याच ग्राउंड स्टाफमधला एक जण विमानं ओढणारा टग घेऊन तिथे आला. ७ वाजून ३२ मिनिटांनी विमान हवेत होतं आणि आत तो एकटाच होता.

सव्वा तास

विमान टॅक्सीवेवर आलं तेव्हा कंट्रोल टॉवरने, तुम्ही कोण, असं पुन्हापुन्हा विचारलं. उत्तर आलं नाही. उड्डाण झाल्यावर मात्र तो बोलू लागला आणि बोलतच राहिला. नियंत्रकाने त्याला जवळच्या लष्करी धावपट्टीवर उतरवायचा प्रयत्न केला. तिथे उतरलो तर तिथले लोक झोडपून काढतील, अशी त्याला धास्ती होती. मध्येच त्याने एका देवमाशाची चौकशी केली. त्या उन्हाळ्यात तिथल्या समुद्रात एक मादी ओर्का आपलं मेलेलं पिल्लू डोक्यावर तोलत दिवसेंदिवस पोहत होती आणि साऱ्या परिसराचं लक्ष तिच्याकडे लागलं होतं. त्याला ती वरून बघायची होती.

पोर्टलंडहून दोन एफ-१५ लढाऊ विमानं सुटली. ती आवाजाच्या वेगापलीकडे गेली तेव्हा खालच्या लोकांना स्फोट झाल्यासारखं वाटलं. विमान वस्तीपासून दूर, समुद्राकडे वळवायचं, हा त्यांचा प्रयत्न होता. पावणेनऊच्या सुमारास ते केट्रॉन नावाच्या लहानशा, झाडीने भरलेल्या बेटावर कोसळलं. चालवणारा गेला, बाकी कुणाला इजा झाली नाही. बेटावर जेमतेम काही घरं आहेत, म्हणून हे निभावलं. सिॲटल शहर विमानाच्या टप्प्यात होतं आणि त्या संध्याकाळी तिथल्या स्टेडियममध्ये मोठी मैफल चालू होती.

नोव्हेंबरमध्ये एफबीआयने तपास संपवला. तो एकटाच होता, घातपाताचा कट नव्हता आणि शेवटी विमान खाली आणणं हे त्याने जाणूनबुजून केलं असावं, असा निष्कर्ष निघाला. पुढे इंटरनेटवर काहींनी त्याला नायक करून टाकलं. ते मला पटत नाही. तो माणूस खचलेला होता आणि खाली लाखो लोक होते.

टग चालवणारा

ग्राउंड स्टाफ म्हटलं की आपल्याला बॅगा चढवणारे दिसतात. तेही काम तो करायचाच. पण तो विमानं ओढून नेणाऱ्या पथकातही होता आणि सगळी गोम तिथेच आहे.

विमानाला मागे जाण्यासाठी वेगळा गिअर नसतो. गेट सोडताना बुटक्या, जड टगने त्याला मागे ढकलावं लागतं. रात्रीच्या मुक्कामासाठी विमान एका जागेहून दुसरीकडे न्यायचं तर कामाला दोघे लागतात. एक टगवर, दुसरा कॉकपिटमध्ये. कॉकपिटमधला ब्रेक सांभाळतो आणि टॉवरशी रेडिओवर बोलतो. म्हणजे वैमानिक नसलेल्या माणसालाही त्या खुर्चीत बसणं, दिवे लावणं, रेडिओ चालवणं रोजच्या कामाचा भाग म्हणून ठाऊक असतं. विमान सुरू करायची क्रमवारी त्याने कुठून तरी आत्मसात केली होती. उड्डाणाचं रीतसर शिक्षण त्याने घेतल्याचं तपासात आढळलं नाही. उड्डाणाविषयीचे व्हिडिओ मात्र त्याने इंटरनेटवर शोधले होते.

त्या संध्याकाळी दोघांचं काम त्याने एकट्याने केलं. विमानाचं नाक नको त्या दिशेला होतं. टग जोडून त्याने ते पुरतं उलटं फिरवलं, टॅक्सीवेकडे तोंड केलं, टग सोडला आणि आत चढला. लांबून पाहणाऱ्याला यात वावगं काय दिसणार? टगवाला विमान फिरवतोय, इतकंच.

विमानतळ हेच कुलूप

आपली स्कूटर किल्लीशिवाय सुरू होत नाही, आणि जवळपास तीस टनांचं विमान सुरू होतं, हे ऐकून कुणीही चक्रावेल. पण प्रवासी विमानांना मोटारीसारखी किल्ली नसते. एकाच विमानावर दिवसभरात वेगवेगळे वैमानिक येतात, मधल्या वेळात मेकॅनिक, सफाईवाले, टगवाले चढतात. किल्ली कुणाकडे ठेवायची? आणि ती नेमकी नको तेव्हा हरवली तर? ११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटचे दरवाजे भक्कम झाले खरे, पण ते उडत्या विमानातल्या प्रवाशाला अडवण्यासाठी. रिकाम्या, बंद विमानाची राखण कुंपण, फाटक आणि गळ्यातला पास यांच्यावर सोपवलेली असते.

त्या कर्मचाऱ्याकडे पास होता आणि तो खराच होता. पूर्वेतिहासाची पडताळणी होऊन तो मिळालेला होता. त्या दुपारी तो कर्मचाऱ्यांच्या झडतीतूनही गेला होता. झडतीत चाकू, पिस्तूल, स्फोटकं सापडतात. त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं, कारण गरजच नव्हती.

घरचाच माणूस

असं पहिल्यांदा घडलं, असंही नाही. १९६९च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या मिल्डनहॉल तळावरून अमेरिकी हवाई दलाच्या एका मेकॅनिकने सी-१३० विमान एकट्याने उडवलं. त्याला अमेरिकेत घरी जायचं होतं. ते समुद्रात पडलं. १९९९मध्ये एअर बोट्सवानाच्या वैमानिकाने कंपनीचंच विमान कंपनीच्याच उभ्या विमानांवर आदळवलं. २००३च्या मे महिन्यात अंगोलातल्या लुआंडाहून एक बोइंग ७२७ निघालं, ते आजतागायत सापडलेलं नाही. सिॲटलनंतर चार वर्षांनी, सप्टेंबर २०२२मध्ये, मिसिसिपीतल्या टुपेलोला इंधन भरणाऱ्या एका कामगाराने किंग एअर जातीचं छोटं विमान पळवलं आणि ते वॉलमार्टच्या दुकानावर घालायची धमकी दिली. काही तासांनी त्याने ते शेतात उतरवलं आणि तो पकडला गेला.

यावर उपाय म्हणून जे जे सुचवलं जातं, त्यातलं मला पटतं ते साधंच आहे. उभ्या विमानाजवळ एकटा माणूस टग घेऊन गेला, तर कुणीतरी हटकलं पाहिजे. दोघांचं काम दोघांनीच करायचं, हा नियम कागदावर न ठेवता, विमानं उभी असतात त्या रॅम्पवर पाळायचा. कॅमेरे आणि यंत्रं त्यानंतर. कामगाराची मनःस्थिती ओळखणं फार अवघड. ती सहकाऱ्याला कळली तर कळते, फॉर्म भरून घेऊन कळत नाही.

पास, पडताळणी आणि एक कायदा

भारतात विमानतळावर काम करायचं तर एईपी, म्हणजे विमानतळ प्रवेश परवाना लागतो. तो बीसीएएस ही नागरी विमान सुरक्षेची सरकारी यंत्रणा देते, आधी पोलीस पडताळणी होते आणि मुंबईसारख्या विमानतळावर फाटकावर सीआयएसएफचे जवान असतात. जुलै २०२४मध्ये मुंबईत कलिन्याला लोडरच्या भरतीसाठी हजारोंची झुंबड उडाली होती. तिथे निवडल्या गेलेल्यांनाही हा पास गळ्यात घालूनच आत जावं लागतं.

कायद्याचं मात्र गमतीशीर आहे. आपल्या १९८२च्या विमान अपहरणविरोधी कायद्यात अपहरणाचा गुन्हा ‘उड्डाणात’ असलेल्या विमानापुरता होता आणि उड्डाण म्हणजे दारं बंद झाल्यापासून. २०१६च्या कायद्याने ती कक्षा वाढवली. उड्डाणपूर्व तयारी सुरू झाल्यापासून ते उतरल्यानंतर २४ तासांपर्यंत विमान ‘सेवेत’ धरलं जातं. सिॲटलचं विमान उतरून जेमतेम सहा तास झाले होते, म्हणजे या व्याख्येत ते सहज बसलं असतं. पण याच कलमात अपहरणासाठी बळ, धमकी, दडपण किंवा तांत्रिक साधन यांपैकी काहीतरी वापरलेलं असावं लागतं. वकिलांना वाद घालायला इथे भरपूर वाव आहे, कारण धमकी द्यायला त्या विमानात दुसरं कुणी नव्हतंच.