सुरगाण्याच्या कातळवाटा

नाशिकहून दिंडोरी आणि वणी मागे टाकून सापुताऱ्याकडे निघालेला हमरस्ता बोरगावाशी सोडला आणि पश्चिमेची वाट धरली, म्हणजे थोड्याच वेळात सुरगाणा तालुक्याचा डोंगराळ मुलूख सुरू होतो. या मुलखाची प्रकृती मोठी विलक्षण आहे. मृगापासून हस्तापर्यंत येथे पाऊस असा कोसळतो की, नार आणि पार या नद्यांचे पाणी काठांना जुमानत नाही. आणि तेच पाणी उताराच्या ओढीने गुजरातेत उतरून अरबी समुद्राला मिळून गेले, म्हणजे होळीनंतर त्याच नद्यांच्या पात्रांतून काळाकभिन्न पाषाण वर येतो, ओहोळ कोरडे पडतात, आणि डोक्यावर हंडे घेतलेल्या बायाबापड्या झऱ्याच्या शोधात कड्याखाली उतरू लागतात. भूगोलाच्या पुस्तकात या प्रदेशाला कोणी मरुभूमी म्हणणार नाही. परंतु फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत येथील उघड्या कातळावर दुपारी उभे राहिले असता, हा प्रदेश अतिवृष्टीचा आहे ही गोष्ट केवळ सरकारी दप्तरावर विश्वास ठेवूनच मान्य करावी लागते.

अशा वाटांवर, चार-सहा जीपगाड्यांचा तांडा करून, हौसेने जाणाऱ्या मंडळींचा एक नवा वर्ग अलीकडे आपल्याकडे उदयास आला आहे. त्यांचा हा छंद वरकरणी धसमुसळा वाटतो. मोठी चाके, चिखलाने माखलेली अंगे, इंजिनाचा गुरगुराट असे सारे पाहून सामान्य माणसाचा ग्रह होतो की, हा दांडगाईचा खेळ असावा. वास्तविक खडकावरून वाहन नेण्याची विद्या ही संथपणाची विद्या आहे. आणि ती एकट्याने साधत नाही, हे तिचे दुसरे लक्षण.

सुरगाणे हे पूर्वी एक लहानसे संस्थान होते. सुमारे ३६० चौरस मैलांच्या या मुलखावर देशमुख घराण्याचा अंमल होता आणि १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. त्या काळी येथे येणारा कारकून असो की अंमलदार, तो घोड्यावरून नाहीतर पायी येई. कोकणा, महादेव कोळी, वारली ही येथील रयत तर चालण्यातच जन्मली. तिच्या पायवाटा डोंगराचा कल पाहून, पाण्याची जागा पाहून, उन्हाचा विचार करून पडलेल्या होत्या. संस्थान गेले आणि तालुक्याचे ठाणे आले, त्याच सुमारास हिंदुस्थानात एक नवे वाहनही आले. अमेरिकी सैन्याने १९४० साली मोटारकंपन्यांना अवघ्या ४९ दिवसांची मुदत देऊन जे हलके, चारही चाकांनी ओढणारे वाहन मागितले, त्यातून जीप जन्मली. महायुद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या, आणि १९४७ पासून महिंद्र बंधूंच्या कारखान्याने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. मामलेदार, वनखात्याचे अधिकारी, देवीची लस टोचणारे डॉक्टर, निवडणुकीच्या मतपेट्या ही सर्व नव्या राज्याची लक्षणे पुढे डोंगरी तालुक्यांत याच वाहनातून पोहोचली. ग्रामीण महाराष्ट्रात ‘जीप आली’ या दोन शब्दांचा अर्थ ‘सरकार आले’ असा पुष्कळ वर्षे होता.

हौस म्हणून दुर्गम भूमीत मोटार घालण्याची कल्पना मात्र जीपहून जुनी आहे आणि ती खऱ्या वाळवंटात जन्मली. राल्फ बॅग्नोल्ड हा इंग्रज लष्करी अधिकारी १९२० च्या दशकात मिसरात नेमणुकीवर असताना, रजेच्या दिवसांत मित्रांना बरोबर घेऊन साध्या फोर्ड मोटारी लिबियाच्या वाळवंटात नेत असे. चाकांतील हवा कमी केली असता चाक पसरते आणि वाळूत रुतत नाही. रुतलेच तर खाली पोलादी पट्ट्या सारून ते सोडवता येते. उकळत्या रेडिएटरची वाफ वाया न घालवता ती पुन्हा थंड करून पाणी वाचवता येते, या गोष्टी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी अनुभवाने पक्क्या केल्या. महायुद्धात १९४० साली वाळवंटी गस्तीची जी प्रसिद्ध तुकडी त्याने उभारली, तिचे भांडवल हेच रजेतले ज्ञान होते. पुढे अमेरिकेत १९५३ पासून कॅलिफोर्नियाच्या रुबिकॉन वाटेवर आणि १९६७ पासून यूटामधील मोआबच्या खडकाळ वाळवंटात जीपगाड्यांचे सामुदायिक मेळे भरू लागले, आणि या छंदाला आजचे रूप आले. मोआबचा खडक वालुकाश्माचा आहे. तो कोरडा असला की खरबरीत असतो आणि चाकाला घट्ट धरतो. आपला दगड तसा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरलेल्या लाव्ह्याचा हा बसाल्ट. नदीच्या पात्रात तो घासून गुळगुळीत झालेला असतो, तर उतारावर त्याचाच झिजून झालेला मुरूम त्याच्याच अंगावर पसरलेला असतो, आणि अशा मुरमावर चाक चढले म्हणजे शेणाने सारवलेल्या अंगणात सांडलेल्या बाजरीवर पाय पडावा तसे होते. म्हणून परदेशी पुस्तके वाचून सह्याद्रीत गाडी घालणाऱ्याला पहिला धडा हा दगडच देतो.

आता यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. नेहमीच्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. जीपमध्ये एक जादा दांडा ओढला की ती चारही चाकांना मिळते, आणि आणखी एका खाचेत तोच दांडा टाकला की ‘लो’ लागतो, म्हणजे चाकाचा वेग दुपटी-अडीचपटीने घटतो आणि त्याच प्रमाणात त्याचा जोर वाढतो. या ‘लो’मध्ये पहिल्या गिअरला गाडी माणसाच्या चालीहूनही सावकाश, जवळजवळ आपणहून, दगडावर चढते, चालकाचे काम तिला घाई न करण्याचे. परंतु यात एक गोम आहे. दोन चाकांमधील डिफरन्शियल नावाच्या यंत्रणेमुळे, वळणावर आतले चाक कमी आणि बाहेरचे चाक जास्त फिरू शकते. मात्र एखादे चाक दगडामुळे अधांतरी उचलले गेले की, हीच सोय उलटते आणि सारी फिरकी त्या निराधार चाकालाच मिळते. ते हवेत गरगरते, जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते, आणि नवशिका चालक ॲक्सिलरेटर दाबून केवळ धूळ उडवतो. डिफरन्शियल जखडण्याची सोय ज्या गाडीत आहे, ती यातून सुटते. इतरांनी मुळात चाक उचलले जाणार नाही अशी वाट निवडावी, हे उत्तम. जीपच्या घराण्यातील सध्याची लोकप्रिय गाडी म्हणजे २०२० साली नव्या रूपात आलेली महिंद्रची थार. तिच्या पोटाखाली २२६ मिलिमीटर मोकळी जागा आहे आणि ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून ती जाऊ शकते, असे तिचे कारखानदार सांगतात. राजस्थानच्या मरुभूमीचे नाव मिरवणारी ही गाडी तयार होते नाशकात. तेव्हा सुरगाण्याचा कातळ हे तिचे परसदारच म्हटले पाहिजे.

तांड्याचे नियम ऐकायला साधे आहेत, पण प्रत्येक नियमामागे कोणाचे तरी मोडलेले हाड किंवा फुटलेली टाकी असावी. डांबर सुटले की सर्वांनी थांबून चाकांतील हवा तीस-बत्तीस पौंडांवरून अठरा-वीसवर आणायची, म्हणजे चाक दगडावर न उसळता त्याला कवटाळते. स्टीअरिंग धरताना अंगठे आत अडकवायचे नाहीत. जुन्या जीपमध्ये पुढचे चाक दगडाला आपटले की स्टीअरिंग असे फिरते की अंगठा मोडतो. चढ सरळ चढायचा, उतार सरळ उतरायचा. आडवे घेणे म्हणजे कलंडण्याला आमंत्रण. उतारावर क्लच दाबायचा नाही, ब्रेकवर उभे राहायचे नाही, इंजिनाच्या आवळण्यानेच गाडी उतरू द्यायची. पुढची गाडी अडचण पार करून थांबेपर्यंत मागच्या गाडीने खडकाला हात घालायचा नाही. सर्वात अनुभवी माणूस पहिल्या गाडीत असतो, असे लोकांना वाटते; पण जाणते तांडे आपला दुसरा उत्तम चालक शेवटच्या गाडीत ठेवतात, कारण बिघाड मागे राहतो. अडकलेली गाडी दोराने किंवा विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढताना ताणलेल्या दोरावर जड घोंगडी टाकतात आणि त्याच्या आसपास चिटपाखरू उभे राहू देत नाहीत. तुटलेला दोर ज्याने एकदा उसळताना पाहिला, त्याला हे सांगावे लागत नाही.

आणि मग ‘स्पॉटर’. चालकाला स्वतःची चाके दिसत नाहीत, ही या खेळातील मूलभूत उणीव आहे. म्हणून एक जण खाली उतरून गाडीपुढे काही अंतरावर चालकाकडे तोंड करून मागे मागे सरकत, दोन्ही हातांनी डावे-उजवे दाखवतो. त्या वेळी चालकाने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्या हातांवर अधिक विश्वास ठेवायचा असतो, आणि सुशिक्षित, कर्तबगार, स्वतःची गाडी स्वतःच्या पैशाने घेतलेल्या माणसाला हे किती अवघड जाते, ते पाहण्यासारखे असते. एकदा नारच्या बाजूच्या एका कोरड्या ओहोळात असाच तांडा अडला होता. समोर कमरेएवढ्या दगडांची रांग, डावीकडे मुरमाचा घसरडा काठ. मंडळींत वाद चालला होता; कोणी दगड रचून पायरी करा म्हणत होता, कोणी विंच काढत होता. काठावर करवंदीच्या जाळीशी डांगी बैल चारणारा एक म्हातारा बराच वेळ हे पाहत उभा होता. शेवटी तो उतरला, काठीने एका दगडावर ठोकले, तो खालून पोकळ आहे हे आवाजानेच दाखवले, आणि त्याच्या पलीकडचा, दिसायला अधिक भयंकर असलेला दगड पसंत केला. तो दगड जमिनीत रुजलेला होता. त्याच्यावर डावे चाक ठेवून एकेक गाडी पार झाली. आधारासाठी दगड आकाराने नव्हे, रुजलेपणाने पारखायचा, हे ज्ञान त्या माणसाला गाडीसाठी नव्हे, बैलांसाठी आणि स्वतःच्या पायासाठी झालेले होते.

या वाटांविषयी लिहिताना एक अवघड गोष्ट टाळता येत नाही. हौशी मंडळी ज्याला उत्तम वाट म्हणतात, ती तेथील रहिवाशाच्या दृष्टीने न झालेला रस्ता असतो. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरील गावांनी, रस्ते, पाणी आणि दवाखाने मिळणार नसतील तर आम्हांला गुजरातेत घाला, अशी मागणी केली आणि ती राज्यभर गाजली. आजाऱ्याला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, अशा पाड्यांवर जाऊन खडकाच्या खडतरपणाचे कौतुक करताना जीभ थोडी आवरलेली बरी. बाजाराच्या दिवशी टपापर्यंत माणसे, कोंबड्या आणि नागलीची पोती भरून जाणारी जुनी काळी-पिवळी जीप, झिजल्या टायरांनी आणि विंचशिवाय, यांतील पुष्कळशा वाटा रोज पार करते. तिच्या चालकाला कोणी स्पॉटर नसतो. तो स्वतःला खेळाडूही म्हणवत नाही.

म्हणून समंजस तांडे काही पथ्ये पाळतात. वनखात्याच्या राखीव जंगलात परवानगीवाचून शिरणे हा कायद्याने गुन्हा आहे. तो प्रश्न निघण्यापूर्वीच मिटवायचा. मोकळी दिसणारी उतरण ही पुष्कळदा नागली-वरईची शेती असते, ज्येष्ठात तेथे राबाची राख पडलेली असते, आणि तिच्यावरून चाक गेले तर वर्षाचे नुकसान होते. झऱ्याच्या वरच्या अंगाला गाडी धुवायची नाही, कारण खाली कोणाचा तरी हंडा भरत असतो. शेंदूर लावलेला दगड हा अडथळा नसून देव आहे. त्याला वळसा घालायचा. आणि पहिला वळीव पडला की या वाटा सोडायच्या, कारण त्यानंतर खडकावर शेवाळ धरते, काठ ढासळतात, आणि दुपारी कोरडा असलेला ओहोळ वर कोठेतरी पाऊस झाला म्हणून सायंकाळी गाडीसह माणसे वाहून नेऊ शकतो.

परतीला डांबर लागले की एक काम उरते, आणि थकलेली मंडळी नेमके तेच टाळू पाहतात. कमी हवेचे चाक हमरस्त्याच्या वेगाने धावले की तापते आणि फुटते. तेव्हा घाटाकडे वळण्यापूर्वी सर्व चाकांत पुन्हा हवा भरलीच पाहिजे. बोरगावसारख्या नाक्यावरील पंक्चरवाला धुळीने पांढऱ्या झालेल्या गाड्यांची रांग पाहून पंप सुरू करतो, एकेक चाक तपासतो, आणि इतक्या चांगल्या टायरांतली हवा जाणूनबुजून कोणी काढली, असे विचारतो. त्याला बॅग्नोल्डपासून सगळा वृत्तांत सांगण्यात अर्थ नसतो. आम्हीच काढली म्हटले, म्हणजे तो मान हलवून पुढच्या चाकाकडे वळतो.