एका झांजेसाठी

आपल्या बैठकीत गवई स्वतःच्या गळ्याला मानवेल असा षड्ज धरतो आणि तंबोरे, तबला निमूटपणे त्याला रुजू होतात. परंतु पाश्चात्त्यांच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात हा अधिकार सनईच्या कुळातील ओबो नामक एका सडपातळ वाद्याकडे असून, सेकंदास ४४० अथवा किंचित अधिक कंपने असलेला त्याचा स्थिर, भेदक स्वर कानी पडताच ऐंशी-नव्वद वादकांनी आपापली वाद्ये त्याच्याशी जुळवून घ्यावीत, असा तेथील शिरस्ता आहे.

या समुदायात बहुसंख्या तंतुवाद्यांची. मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनेच तीसच्या घरात असतात, कारण एक तुतारी अनेक व्हायोलिनांचा आवाज सहज गिळून टाकू शकते. दोघा-दोघांपुढे स्वरलिपीचा एकच ताव असतो. पान उलटण्याची वेळ आली की दोघांपैकी आतल्या बाजूस बसलेल्याने वादन क्षणभर थांबवून ते उलटायचे. गज केव्हा वर जावा, केव्हा खाली यावा, हेही अग्रस्थानी बसलेला प्रमुख व्हायोलिनवादक ठरवून देतो, आणि म्हणूनच ते सारे गज वाऱ्याने लवणाऱ्या शेतासारखे एका दिशेने हलताना दिसतात.

या सर्वांवर ज्याचा हुकूम चालतो, त्या संचालकाच्या हातून मात्र एकही सूर निघत नाही! वादकापुढे केवळ त्याच्या स्वतःच्या वाद्यापुरता मजकूर असतो. समग्र दफ्तर एकट्या संचालकासमोर उघडे असते, आणि पुढे येणाऱ्या क्षणाची सूचना तो क्षण येण्यापूर्वीच देणे, हे त्याच्या काठीचे खरे काम.

तथापि मला अधिक कौतुक वाटते ते न वाजवणाऱ्यांचे. बोहेमियाचा संगीतकार द्वोर्झाक याची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी १८९३ साली न्यूयॉर्क येथे प्रथम सादर झाली. सुमारे चाळीस मिनिटांच्या या रचनेत झांजेच्या वाट्याला अवघा एक आघात आला आहे. तोही दणदणीत नव्हे, तर बेसावध श्रोत्याच्या ध्यानीही येऊ नये इतका संयत. पहिले तीन भाग सरतात, चौथा सुरू होतो, आणि तोवर मनातल्या मनात मात्रा मोजीत बसलेला वादक उठतो, दोन तबके हळूच एकमेकांवर घासतो, त्यांची थरथर छातीशी धरून शमवतो आणि पुन्हा खाली बसतो.