पेशींवरचे क्रमांक

न्हावा शेवाच्या यार्डात कंटेनरच्या थप्प्या लागलेल्या असतात. आत काय आहे ते पत्र्याकडे पाहून कळत नाही, त्यावरचा चार अक्षरांचा आणि सात अंकांचा क्रमांक वाचावा लागतो. रक्तातल्या लिम्फोसाइटचेही तसेच. सूक्ष्मदर्शकाखाली टी पेशी आणि बी पेशी सारख्याच दिसतात. मेंढीच्या तांबड्या पेशी टी पेशींना चिकटतात, म्हणून एके काळी फुलांसारखे दिसणारे ते गुच्छ मोजून टी पेशींचा अंदाज बांधत.

1975 साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतली प्रतिपिंड तयार करणारी पेशी मायलोमाच्या न मरणाऱ्या पेशीशी जोडली. एकच खूण ओळखणारे प्रतिपिंड, म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी, आता हवे तेवढे मिळू लागले. या तंत्राचे पेटंट घेतले गेले नाही आणि ते झपाट्याने जगभर पसरले. मग नावांचा गोंधळ उडाला: टी पेशीवरच्या एकाच रेणूला कुणी टी फोर म्हणे, कुणी ल्यू थ्री. 1982 मध्ये पॅरिसच्या कार्यशाळेत सामाईक क्रमांक ठरू लागले. तो रेणू झाला सीडी फोर.

याच रेणूला धरून एचआयव्ही पेशीत शिरतो, हे 1984 मध्ये कळले. पुढे 1989 मध्ये न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले आणि देशभरचे ट्रकचालक इथे येऊ लागले. महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणाऱ्या या माणसांना एचआयव्हीचा धोका मोठा होता. एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत औषधे मिळू लागली, तेव्हा ती कुणाला द्यायची हे ठरवण्यात सीडी फोर असलेल्या टी पेशींचा आकडा मुख्य होता. एका मायक्रोलिटर रक्तात 200 पेक्षा कमी असेल तर औषध सुरू. "सीडी फोर किती आला?" हा प्रश्न कमी शिकलेली माणसेही अचूक विचारत. 2017 पासून आकड्याची वाट न पाहता औषध देतात. हा आकडा मोनोक्लोनल अँटिबॉडीनेच मोजतात; तिचा आपल्याकडे झालेला सर्वांत मोलाचा उपयोग मी हाच मानते. त्यावर फार थोडे लिहिले गेले, याची खंत वाटते.

मोजणीचे काम दिसायला अगदी साधे. नळीत थोडे रक्त, त्यात चमकणारा रंग जोडलेल्या अँटिबॉडीचे थेंब, मग पंधरा-वीस मिनिटे अंधार. तांबड्या पेशी फोडणारे द्रावण घातले की गढूळ लाल रक्त पाहता पाहता पारदर्शक होते. नंतर लेझरसमोरून एकेक पेशी जाते आणि पडद्यावर ठिपके उमटतात.

पनवेल खाडीपलीकडे खारघरला, टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्ये, रक्ताच्या कर्करोगाचे निदान अशाच ठिपक्यांवरून होते. तिथेच जून 2021 मध्ये देशातली पहिली कार-टी, म्हणजे बदललेल्या टी पेशींची, उपचारपद्धती वापरली गेली. आयआयटी मुंबईत घडवलेल्या त्या पेशींवर कर्कपेशींवरची सीडी 19 ही खूण ओळखणारा अँटिबॉडीचाच तुकडा बसवलेला असतो. ऑक्टोबर 2023 मध्ये तिला मंजुरी मिळाली. खूण वाचणारी वस्तू आता त्या खुणेवर हल्ला चढवू लागली होती.

काही रुग्णांत मात्र कर्कपेशी सीडी 19 टाकून देतात आणि आजार उलटतो. मग तंत्रज्ञ नव्या नळीत सीडी 22 आणि सीडी 24 चे थेंब घालतात आणि ती नळी अंधारात ठेवतात.