खेळ विकणारा माणूस

मोबाईलवर खेळणारा मुलगा म्हणजे वाया गेलेला मुलगा, अशी आमच्या हिंगोली जिल्ह्यात घरोघर समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु हा खेळ कोणीतरी विकत असतो आणि त्या विक्रीचेही एक शास्त्र असते, इकडे आपले लक्ष जात नाही. त्यासाठी विशाल गोंडल या मुंबईच्या उद्योजकाची वाटचाल पाहण्यासारखी आहे.

गोंडल यांनी १९९९ साली मुंबईत 'इंडियागेम्स' ही कंपनी काढली. त्याच वर्षी कारगिलचे युद्ध झाले आणि त्या वातावरणात कंपनीचा 'आय लव्ह इंडिया' हा खेळ आला. पण तेव्हा संगणक होते किती जणांकडे? पुढे बटणांचे मोबाईल आले आणि कंपनीचा जम खऱ्या अर्थाने तेथे बसला.

हा व्यवहार समजण्यास हळदीचे उदाहरण पुरे. माझे वडील हळद मोंढ्यात नेतात. हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी हातात पडते. खेळांचा मोंढा म्हणजे त्या काळी मोबाईल सेवा देणाऱ्या कंपन्या. गिऱ्हाईक त्यांचे, त्याच्या बॅलन्समधून पैसे कापणार त्याच, आणि मोठा वाटाही ठेवून घेणार त्याच. शिवाय प्रत्येक हँडसेटचा पडदा निराळा, बटणे निराळी. म्हणून एकच खेळ कितीतरी मॉडेलांसाठी पुन्हा पुन्हा बेतावा लागे. खेळ सुचणे हा यातला लहान भाग. तो लोकांच्या हाती पोहोचविणे हे खरे काम.

२००५ च्या सुमारास चीनच्या 'टॉम ऑनलाइन'ने कंपनीचा बहुतांश हिस्सा घेतला. २००७ मध्ये 'यूटीव्ही' आली, २०१२ मध्ये 'डिस्ने'. धनी बदलत गेले, गोंडल २०१३ पर्यंत कारभार पाहत राहिले. शेत विकून त्याच शेतात पगारावर राबणे याला आपण दुर्दैव म्हणतो. या धंद्यात त्याला यश म्हणतात! २०१४ मध्ये त्यांनी 'गोकी' ही आरोग्यविषयक कंपनी काढली.

पण खेळ सुटला नाही. १५ जून २०२० रोजी गलवान येथे आपले वीस जवान धारातीर्थी पडले. २ सप्टेंबरला सरकारने पब्जीवर बंदी घातली. मी तेव्हा नववीत होतो. शाळा बंद, घरात एकच मोबाईल, आणि अभ्यासापेक्षा पब्जीची चर्चा अधिक. दोनच दिवसांनी 'फौजी' या खेळाची घोषणा झाली. तो काढणाऱ्या 'एनकोर गेम्स'च्या संस्थापकांत गोंडल होते. निव्वळ उत्पन्नाचा २० टक्के भाग 'भारत के वीर' निधीला देण्याचे जाहीर झाले. २६ जानेवारी २०२१ ला खेळ आला. गलवानप्रमाणेच त्यात आरंभी बंदूक नव्हती, हातघाईच होती. मुलांना मात्र पब्जीसारखा अनेकांनी मिळून खेळावयाचा खेळ हवा होता. त्यांची निराशा झाली. जुलैमध्ये पब्जीचाच नवा भारतीय अवतार येताच ती तिकडे वळली.

बाजाराची नाडी गोंडल यांनी दोन्ही वेळा ओळखली, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही शोकाला तीन महिने उलटण्यापूर्वीच त्याची जाहिरात व्हावी, हे माझ्या मनाला रुचत नाही. निधीला दिलेल्या वाट्याने ती टोचणी कमी होते, जात नाही. आमच्या हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे; भरतीसाठी पहाटे धावणारी मुले येथे रोज दिसतात. त्यांतला माझा एक मित्र 'फौजी' एकदाच खेळला. "पडलेला माणूस पुन्हा उठतो रे यात," एवढेच तो म्हणाला.